टाकी भरलेली, नळ कोरडा: पाइपात हवा अडकली की या चुका टाळा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कोकणातल्या वाडीत चाकरमान्यांचे दोन फोन ठरलेले असतात. पहिला, "स्टँडवर उतरलो, रिक्षा पाठव." दुसरा तासाभराने, "अरे, टाकी काठोकाठ भरली, पण न्हाणीत पाण्याचा टिपूस नाही."

गेल्या वर्षी हा दुसरा फोन शेजारच्या काकांचा होता. मी पोचेपर्यंत त्यांनी एका प्लंबरला बोलावून न्हाणीच्या भिंतीला नवाकोरा प्रेशर पंप लावून घेतला होता. पंप गुणगुणत होता आणि नळ दोन पिचकाऱ्या मारून गप्प बसला होता. "यापेक्षा मोठा पंप लागेल," असं सांगून प्लंबर निघून गेला होता. मी काही प्लंबर नाही. पण आमच्या घरानेही वीस वर्षं हाच छळ केलाय, त्यामुळे आधी कुठे बघायचं हे कळतं. टाकीपासून पाइपाच्या मागे मागे चालत गेलो आणि मागच्या दाराशी थांबलो. पाइप जमिनीवरून आला होता, दार आडवं आलं म्हणून चौकटीच्या वरून चढवला होता, पलीकडे उतरवून लादीखालून न्हाणीत नेला होता आणि तिथून परत वर नळाला. म्हणजे घराच्या मधोमध एक उंट उभा होता. चौकटीवरचं युनियन, म्हणजे पाइपाचा खोलता येणारा जोड, पान्याने थोडं सैल केलं. फुस्स आवाज झाला, मग पाणी आलं, युनियन आवळलं, नळ धो धो. काकांचा पंप तेवढा वेळ निव्वळ हवेवर फिरत होता.

या उंटाचा हिशोब एकदा नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या चुका त्याच्यापाशीच येतात. काकांच्या टाकीचा जांभ्याचा चौथरा ६ फुटांचा, त्यावर ३ फूट पाणी, म्हणजे पाण्याची पातळी ९ फुटांवर. चौकटीवरचा पाइप साडेसात फुटांवर. टाकीतलं पाणी त्या टोकापर्यंत चढतं, तेव्हा त्याच्याकडे ढकलायला फक्त दीड फुटाचा जोर उरतो. पलीकडच्या उतरत्या पाइपात हवा बसलेली, आणि लादीखालच्या पाण्याला नळापर्यंत साडेतीन फूट चढायचं आहे. दीड फुटाच्या जोरावर साडेतीन फूट चढणार कसं? मधली हवा उशीसारखी दबते आणि तिथेच राहते. टाकी भरलेली असली तरी काही फरक पडत नाही.

शहरात ही तक्रार कमी ऐकू येते त्याचं कारण साधं आहे. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यावर येणाऱ्या पाण्याचा दाब एक बारच्या (बार हे दाबाचं माप) वर असतो. हवा असली तरी ती रेटून बाहेर काढतो. आपल्या कौलारू घराला गच्ची नाही. टाकी मागच्या अंगणात चौथऱ्यावर, नळापेक्षा पाच-सात फूट वर. सात फुटांचा दाब म्हणजे बारचा जेमतेम पाचवा हिस्सा. एवढ्याशा दाबाला पाइपातलं एक वेडंवाकडं वळण पुरतं.

पहिली चूक: हवा आहे की कचरा, हे न बघताच खर्च करणं

दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. शेवाळ, गंज किंवा वाळू साचली तर धार महिनोन् महिने बारीक होत जाते. हवा मात्र एकदम धरते, आणि जवळजवळ नेहमी काहीतरी झाल्यावर: टाकी रिकामी झाली, टाकी धुतली, पाइप तोडून जोडला, घर बंद होतं. नळ आधी खोकतो, थुंकतो, मग थांबतो. आणखी एक खूण म्हणजे एकाच टाकीवरचा अंगणातला नळ व्यवस्थित चालतो आणि शॉवर किंवा वरचा नळ कोरडा राहतो. असं असेल तर टाकीकडे बघू नका. दोन्ही नळांच्या वाटा जिथे फुटतात तिथून कोरड्या नळाकडे जाणारा पाइप बघा.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण यात मी स्वतः अर्धा दिवस घालवलाय. जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हची चकती आतल्या दांडीपासून सुटते. वरून चाक फिरतं, उघडल्यासारखं वाटतं, आणि चकती खालीच बसलेली असते. हवा काढायच्या आधी व्हॉल्व्ह खरोखर उघडलाय ना ते बघावं.

दुसरी चूक: हवा पुढून काढायचा हट्ट

नळ उघडा ठेवून वाट बघत बसणं, किंवा नळाला तोंड लावून ओढणं. कमी दाबाच्या लाइनवर यातलं काहीच फारसं चालत नाही. उलटीकडून पाणी घातलं की काम झटपट होतं. विहिरीच्या मोटरच्या डिलिव्हरीला, म्हणजे टाकी भरणाऱ्या पाइपाला, बागेची नळी जोडा. तिचं दुसरं टोक कोरड्या नळाला क्लॅम्पने घट्ट आवळा. नळ उघडा, मोटर सुरू करा. पाणी उलट्या दिशेने टाकीकडे चढतं आणि हवा पुढे ढकलत नेतं. टाकीपाशी एकाला उभं ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की त्याने हाक द्यायची. दोन-तीन मिनिटांचं काम. मोटर बंद करण्याआधी नळ बंद करा, मग नळी काढा.

मात्र ही नळी नळपाणी योजनेच्या सरकारी नळाला जोडू नका. तिकडचं पाणी मध्येच गेलं की तुमच्या टाकीतलं, पाइपातलं पाणी उलटं वाडीच्या लाइनीत ओढलं जाऊ शकतं. आपल्या टाकीच्या तळाला काय असतं ते आपल्यालाच ठाऊक.

न्हाणीत गरम-थंडाचा एकत्र मिक्सर असेल आणि त्यातली थंडाची लाइन जास्त दाबाची असेल, तर नळाचं तोंड तळव्याने दाबून दोन्ही बाजू उघडतात. थंड पाणी गरमच्या पाइपात घुसून हवा मागे सारतं. दोन्ही बाजू एकाच टाकीवर असतील तर याचा उपयोग फारसा होत नाही. आणि हे करण्याआधी गीझरचा स्विच बंद. गीझरमध्ये पाणी नसताना कॉइल तापली तर जळते.

तिसरी चूक: विहिरीच्या पंपाला परत परत चालू-बंद करणं

कोकणात सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

विहिरीच्या काठावरची मोटर पाणी "ओढते" असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ती पाइपात पोकळी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला कागदावर ३४ फुटांपर्यंत चढवू शकतो. प्रत्यक्षात २०-२५ फुटांपुढे भरवसा धरू नये. फेब्रुवारीत बारा फुटांवर असलेलं पाणी मे महिन्यात सव्वीस फुटांवर गेलं, तर मोटर तीच, पाइप तोच, आणि पाणी मात्र उचलत नाही. इथे हवा अडकलेली नसते, पाणी लांब गेलेलं असतं. कितीही वेळा पाणी भरून मोटर चालवा, काही होणार नाही. मोटर विहिरीतल्या टप्प्यावर खाली घ्या किंवा पाण्यात बुडणारी मोटर टाका, दुसरा इलाज नाही.

पाणी जवळ असूनही उचलत नसेल तर मग हवा शोधायची. बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात. पंपाच्या पुढच्या, डिलिव्हरीच्या बाजूला भोक पडलं तर पाणी बाहेर उडतं, लगेच दिसतं. मागच्या, सक्शनच्या बाजूला भोक पडलं तर पाणी बाहेर येत नाही. हवा आत जाते. वरून पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि आपण म्हणतो, "कुठे गळत तर नाहीये." म्हणून मोटर बंद ठेवून तपासा. पंपावरचा प्लग, म्हणजे पाणी भरायच्या तोंडाचं बूच, काढून पाइप तोंडापर्यंत पाण्याने भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली तर एकतर पाइपाच्या खालच्या टोकाला पाणी धरून ठेवणारा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे सरळ फुटबॉल म्हणतात, पाणी सोडतोय, किंवा एखादा जोड. जोडाचं गळणं आता बाहेर दिसेल, कारण आता पाइपात पाणी आहे. मोटर चालू असताना संशयित जोडावर साबणाचा फेस लावला तर तो आत ओढला जातो, तीही खूण.

फुटबॉल पाणी सोडतो त्याचं कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं: फणसाचं पान, काडी, वाळूचा कण, किंवा घर बंद असल्यामुळे उघडी पडून सुकलेली रबरी चकती. पाइप वरून हाताने दोन-चारदा खालीवर हिसकला तर अडकलेली काडी निघून जाते. नाही निघाली तर पाइप वर काढायचा. फुटबॉल पाण्याच्या पातळीच्या निदान दीड-दोन फूट खाली हवा, नाहीतर पाण्यात भोवरा होऊन त्यातून हवा आत जाते; आणि तळाच्या गाळाला टेकलेलाही नको.

सक्शनच्या पाइपात उंट असूच नये. विहिरीपासून पंपापर्यंत पाइप सतत थोडा थोडा चढत आला पाहिजे. काठावरच्या कठड्यावरून नेऊन पुन्हा खाली पंपाकडे उतरवलेला पाइप मी बघितलेल्या दर दुसऱ्या विहिरीवर असतो. त्या टोकावर हवा बसते आणि पाणी भरताना ती निघतही नाही, कारण प्लग त्याच्यापेक्षा खाली असतो. तिथे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि तिला बूच बसवलं तर निदान भरता तरी येतं.

पाणी भरताना घाई नको. मेन स्विच बंद करा, नुसतं बटण नव्हे. तांब्याने सावकाश ओता, बुडबुडे येऊ द्या, पाइपावर हलकेच ठोका, पुन्हा ओता. पातळी टिकली की प्लग आवळून मोटर सुरू करा. अर्ध्या मिनिटात पाणी आलं नाही तर बंद. पंपाच्या आत दांड्याभोवती जे सील असतं ते पाण्यानेच थंड राहतं. कोरडं फिरलं की काही मिनिटांत खलास. मग तिथूनच हवा आत जायला लागते, आणि आधी जो दोष फुटबॉलचा होता तो आता पंपाचा झालेला असतो.

विहिरीत डिझेल किंवा पेट्रोलचा पंप उतरवून चालवला असेल तर त्यानंतर आत उतरू नका. विषारी धूर खाली साठून राहतो आणि त्याला वास येईलच असं नाही.

चौथी चूक: पऱ्याच्या पाइपाला हवं तिथे भोक पाडणं

गुहागर, दापोली, राजापूरकडे डोंगराच्या कुशीत घर असलेल्या बऱ्याच जणांनी वरच्या झऱ्यावरून किंवा पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, काळा पाइप टाकून पाणी आणलेलं असतं. वीज नाही, मोटर नाही, बिल नाही. पण पाइप कातळावरून, बांधावरून, मुळांवरून येतो, आणि प्रत्येक चढउतार म्हणजे एक उंट. समजा झरा घरापेक्षा ४० फूट उंच आहे. वाटेत तीन उंट आहेत आणि प्रत्येकाच्या उतरत्या अंगाला १५ फूट उभी हवा बसली आहे. तीन पंधरे पंचेचाळीस. चाळीस फुटांचा सगळा उतार हवेनेच खाल्ला, आणि घरी ठिबकसुद्धा नाही. लोक म्हणतात झरा आटला. वर जाऊन बघावं तर झरा खळखळतोय.

मग कोणीतरी सल्ला देतो, "सुई तापवून भोक पाड, हवा निघेल." निम्म्या वेळा हे बरोबर असतं आणि निम्म्या वेळा पाणी कायमचं बंद पडतं. झऱ्यापेक्षा बराच खाली असलेल्या उंटावर आत दाब असतो, तिथे भोकातून हवा बाहेर येते. पण जो उंट झऱ्याच्या पातळीजवळ किंवा तिच्याही वर आहे, तिथे पाणी खालच्या बाजूच्या ओढीने चढत असतं. तिथलं भोक हवा बाहेर सोडत नाही, आत घेतं. म्हणून भोक न पाडता तिथे टी आणि छोटा कॉक बसवा. पाणी चालू असताना तो किंचित उघडून ओलं बोट धरा. बोटाला वारा लागला तर उघडा ठेवा, पाणी आलं की बंद करा. बोट आत ओढलं गेलं तर ताबडतोब बंद करा आणि तो उंट बसवायच्या, म्हणजे पाइप खाली घेण्याच्या, मागे लागा.

नव्याने भरताना खालचा कॉक बंद ठेवून वरून पाणी हळूहळू सोडायचं, वाटेतले कॉक उघडे. ज्यातून थुंकी न येता सलग पाणी येईल तो बंद करत जायचं. वरचं तोंड पूर्ण बुडालेलं आणि जाळी लावलेलं हवं. जाळी नसताना तोंडाने ओढण्याचा माझा एक प्रयोग बेडकाच्या पिल्लावर संपला होता, त्यामुळे त्या पद्धतीबद्दल जास्त लिहीत नाही.

पाइप जाड घातला की पाणी जास्त, हाही एक समज. थोडं पाणी जाड पाइपात संथ वाहतं आणि हवेचे बुडबुडे जिथल्या तिथे राहतात. एक इंची पाइपात तेच पाणी वेगाने जाऊन बुडबुडे ओढून नेतं. झरा बारीक असेल तर दोन इंचीचा मोह नको.

पहाटे येणारं पाणी दुपारी बंद पडत असेल तर चेटूक नाही. काळा पाइप उन्हात तापतो, पाण्यात विरघळलेली हवा सुटते, तीच उंटाच्या टोकाला जमते. चहाचं आधण ठेवल्यावर पातेल्याच्या तळाशी उकळी फुटायच्या कितीतरी आधी बारीक बुडबुडे दिसतात ना, तेच. पाइपावर पालापाचोळा किंवा माती टाकली की बराच फरक पडतो.

याच कारणाने इंग्लंडमध्ये माझ्या भाच्याचा हिवाळा बिघडला होता. तिकडे घर ऊबदार ठेवायला गरम पाणी भिंतीवरच्या लोखंडी रेडिएटरमधून फिरवतात. त्याचा वरच्या खोलीतला रेडिएटर खाली गरम आणि वर गार. हवा वर जमली की गरम पाणी वर पोचतच नाही. तिकडच्या लोकांनी निदान सोय केलीय: प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक स्क्रू असतो. हीटिंग बंद करून सगळं निवू द्यायचं, खाली फडकं धरायचं, छोट्या किल्लीने स्क्रू थोडासा फिरवायचा, फुस्स संपून पाणी आलं की बंद. मग बॉयलरवरचा दाब बघायचा. बंद सिस्टीममध्ये गार असताना तो साधारण एक ते दीड बार लागतो आणि हवा काढली की उतरतो. दर आठवड्याला हवा काढावी लागत असेल तर कुठेतरी गळतंय, किंवा आत लोखंड गंजून वायू तयार होतोय. आपल्याकडेही तसंच आहे. उंटावरचं युनियन दर महिन्याला सैल करावं लागत असेल तर हवा येते कुठून ते शोधा.

पाचवी चूक: सोलरचा व्हेंट बंद करणं आणि भर दुपारी टाकी भरणं

सोलरमध्ये पाणी तापतं, म्हणजे हवा रोजच सुटते. ती जाण्यासाठी सोलरच्या टाकीवर एक उभा पाइप असतो, तोच व्हेंट. त्याचं तोंड थंड पाण्याच्या टाकीच्या वरच्या पातळीपेक्षा उंच असावं लागतं, नाहीतर त्यातून पाणी सांडत राहतं. ते सांडतं म्हणून लोक त्याला बूच मारतात. कधी पाली जातात म्हणून कापड कोंबतात, आणि कोणी काही केलं नाही तर कुंभारमाशी मातीचं घर बांधून ते काम करते. व्हेंट बंद झाला की पाणी काढताना आत पोकळी होऊन टाकीचा पत्रा आत ओढला जातो, किंवा तापल्यावर जोड फुटतो. बुचाऐवजी व्हेंट उंच करा आणि तोंडाला बारीक जाळी बांधा.

थंड नळ जोरात आणि गरम नळ मेलेला, ही इथली खूण. सोलरमधून निघणारा गरम पाइप बहुतेक वेळा तुळईवरून किंवा कठड्यावरून चढवलेला असतो, उंट तिथे.

काचेच्या नळ्यांचा सोलर कोरडा पडला असेल तर उन्हात पाणी सोडू नका. रिकाम्या नळ्या भयंकर तापतात आणि गार पाणी लागताच तडकतात. पहाटे किंवा अंधार पडून नळ्या निवल्यावर भरा. पावसाळ्यात सोलर बंद ठेवणाऱ्यांनी गणपतीला आल्यावर हे आवर्जून लक्षात ठेवायचं, कारण भाद्रपदात ढग सरकले की उन्हाचा चटका अंदाजापेक्षा जास्त असतो.

काकांनी शेवटी दारावरचा पाइप काढून उंबऱ्याच्या बाहेरून, जमिनीखालून वळवला. एका दुपारचं काम, दोन एल्बो आणि थोडा पाइप. निघताना त्यांनी टाकी भरून वरचं झाकण बसवलं, टाकीखालचा कॉक बंद केला आणि विहिरीवरच्या प्लगजवळ भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलं: "आधी पाणी भरा." प्रेशर पंप पडवीत खोक्यात आहे. कोणाला हवा असेल तर ते द्यायला तयार आहेत.